अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यामागे ओंडक्यांचं घर सापडलंय. उतरवण्याआधी नोंद कशी करू?

पडवी (बर्क्स काउंटी, पेन्सिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी,

पेन्सिल्व्हेनियात बर्क्स काउंटीत राहून मला अकरा वर्षं झाली. नोकरी औषधांच्या प्रयोगशाळेत, आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या इतिहास मंडळात जाते. जुने फोटो स्कॅन करणं, थडग्यांवरची जर्मन अक्षरं उतरवून घेणं अशी कामं आजवर केली. आता जे समोर आलंय ते मी कधीच केलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

आमच्या रस्त्याच्या वळणावर एक शेतघर आठ-नऊ वर्षं रिकामं पडून होतं. बाहेरून अगदी साधं. पांढरा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, सिमेंटच्या दोन पायऱ्या, मागे नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर. ते नुकतंच विकलं गेलं. पाडकामाआधीच्या तपासणीसाठी आलेल्या माणसांनी ईशान्य कोपऱ्यावरचा पत्रा उचकटला, तर आत फळ्या, आणि फळ्यांच्या आत कुऱ्हाडीने तासलेले ओंडके. एकावर एक रचलेले, मधल्या फटींत दगडाच्या चिपा आणि मातीचं लिंपण, वरून चुन्याचा हात. नव्या मालकाने आपणहून मंडळाला फोन केला आणि सहा आठवडे देतो म्हणाला. त्यानंतर घर उतरवलं जाईल. ओंडके विकत घेणारा व्यापारीही त्याने पाहून ठेवलाय.

काल पहिल्यांदा आत गेले. बाहेरून साधारण २८ बाय २२ फूट. खाली तीन खोल्या, वर माळा, अर्ध्या भागाखाली तळघर. ओंडके १० ते १४ इंच उंचीचे आणि सात इंच जाडीचे. कोपऱ्यात प्रत्येक ओंडक्याचं टोक आढ्यासारखं दोन्हीकडे उतरतं केलंय, आणि वरच्या ओंडक्याच्या पोटात त्यावर बसेल अशी खाच आहे. एक गोष्ट मात्र मला अजिबात उलगडली नाही. घराच्या मध्यावर जमिनीच्या लांब, रुंद फळ्या एकाएकी थांबतात आणि सहा बाय आठ फुटांच्या चौकोनात आखूड, अरुंद फळ्या आहेत. बरोबर त्याच जागी, वर पाहिलं तर माळ्याच्या दोन तुळया मध्येच थांबवून एका आडव्या लाकडात बसवल्यात. चिमणी तर पूर्वेच्या भिंतीला आहे, विटांची.

गावात सगळे सांगतात की हे घर १७४० चं. उत्तरेच्या भिंतीतल्या एका अरुंद झरोक्याला 'बंदुकीचं भोक' म्हणतात. मंडळाने पाटीचा मजकूरही तयार केलाय आणि त्यात ते साल घातलंय. मला अस्वस्थ वाटतंय, पण हरकत घ्यायला हातात काही नाही.

सहा आठवड्यांत दोन-तीन माणसांनी काय आधी करावं आणि काय सोडलं तरी चालेल? लेझर स्कॅनिंगचे पैसे आमच्याकडे नाहीत, टेप आणि कॅमेरा आहे. कुठली कागदपत्रं शोधू? आणि काळ ठरवायचा कसा?

हे काम मला एवढं का लागलंय तेही सांगते. चिपळूणजवळचं आमचं घर १९९४ साली उतरवलं. त्याचा एकही नकाशा नाही. आत्याच्या लग्नाच्या एका फोटोत वऱ्हाडाच्या मागे पडवीचे दोन खांब दिसतात, तेवढंच उरलंय. माजघर किती खणांचं होतं यावर आजही घरात दोन मतं आहेत. या घराबद्दल तसं होऊ नये.

डोंगरपायथा (नॉक्सव्हिल, टेनेसी)

अभिनंदन! पत्र्यामागे घर सापडणं इकडेही घडतं. पत्रा आणि फळ्यांनी पाऊस अडवला म्हणूनच ओंडके टिकले असणार.

एक शब्दाचं सांगतो. तासलेले ओंडके, फळ्यांची जमीन, तीन खोल्या असं असेल तर नोंदीत 'लॉग हाऊस' लिहा. 'केबिन' हा शब्द जाणकार सहसा गोल, न तासलेल्या ओंडक्यांच्या, एका खोलीच्या, घाईने उभ्या केलेल्या घरासाठी राखून ठेवतात. आमच्याकडे केड्स कोव्हमध्ये १८२० च्या दशकातलं जॉन ऑलिव्हरचं घर आहे, तिथे कोपरे निराळे दिसतील. पारव्याच्या अर्ध्या शेपटीसारखा काप, वरची बाजू बाहेर उतरती, खालची सपाट. तुम्ही सांगताय तो उलट्या व्ही आकाराचा सांधा पेन्सिल्व्हेनियात भरपूर आहे.

लाकूड कोणतं ते नक्की पाहा. ओकच्या कापलेल्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या जाड रेषा साध्या डोळ्यांना दिसतात, चेस्टनटमध्ये त्या दिसत नाहीत. अमेरिकन चेस्टनटवरचा बुरशीचा रोग १९०४ मध्ये न्यूयॉर्कला लक्षात आला आणि पुढच्या चाळीस वर्षांत ती जंगलं संपली. चेस्टनटचा ओंडका निघाला तर व्यापारी का टपलाय ते कळेल.

ओळंबा (फिलाडेल्फियाजवळ)

पडवी, तुम्ही 'उलगडली नाही' म्हणून सांगितलेला तो सहा बाय आठचा चौकोन घराची मूळ चूल असावी.

पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतकऱ्यांच्या घरात चूल आणि चिमणी घराच्या मध्यावर असायची. एका बाजूला लांबट स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बसण्याची खोली, तिच्या मागे झोपायची छोटी खोली. म्हणजे तुमच्या तीन खोल्या. इंग्रज पद्धतीत चिमणी बहुधा टोकाच्या भिंतीला, आणि स्वीडिश पद्धतीत चूल खोलीच्या कोपऱ्यात. ड्रेक्सेल हिलला डार्बी खाडीच्या काठावर लोअर स्वीडिश केबिन आहे, तिथे कोपऱ्यातली चूल पाहता येते. तुमच्याकडे मधली चिमणी कधीतरी काढली, भोक आखूड फळ्यांनी बुजवलं आणि पूर्वेला विटांची नवी चिमणी चढवली, असा माझा अंदाज आहे. तळघरात त्या चौकोनाखाली दगडांचा भक्कम थर आहे का पाहा. माळ्यावर चढून वाशांवर काजळी आहे का, तेही पाहा. मधल्या भिंतीत कुठे जुन्या भोकाची खूण मिळाली तर फारच छान. स्वयंपाकघरातल्या चुलीतून भिंतीपलीकडच्या बिडाच्या शेगडीत निखारे सारायचे आणि बसण्याची खोली धुराशिवाय गरम ठेवायची, अशी त्यांची रीत होती.

आता कामाचा क्रम. सगळ्यात आधी, काहीही न हलवता, न झाडता फोटो. प्रत्येक भिंतीसमोर काटकोनात उभं राहून, चौकटीत मापाची पट्टी ठेवून. मग प्रत्येक कोपरा जवळून, कारण सांधा हा ओंडक्यांच्या घराचा कणा आहे. एका फोटोत पुढच्याचा दोन तृतीयांश भाग येईल असे सलग घेतलेत तर नंतर संगणकावर त्यांतून त्रिमिती प्रतिमा बांधता येते. लेझर नसल्याची खंत नको.

मापं हाताने घ्या. मी पुण्यात शिकत असताना वाड्यांची मोजणी अशीच केली आणि इथे आल्यावरही पद्धत बदलली नाही. भिंतीच्या एका टोकाला शून्य धरून टेप पसरायची आणि खिडकी, दार, सांधा यांचं अंतर त्याच शून्यापासून लिहीत जायचं. तुकड्यातुकड्याने मोजलं की पाव पाव इंचाची चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर कागदावर सगळं काटकोनात येईल आणि घर तसं नसेल. पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारून घ्या आणि उंची त्या रेघेपासून मोजा. एका टोकाला जमीन खचलेली असणार, म्हणून जमिनीपासून मोजू नका.

या देशात जुन्या इमारतींच्या नोंदीची सरकारी मोहीम १९३३ मध्ये सुरू झाली, महामंदीत बेकार झालेल्या वास्तुविदांना काम मिळावं म्हणून. नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन यांची ती कल्पना. तिचे नकाशे, फोटो आणि लेखी इतिहास लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही फुकट पाहता येतात. तुमच्या परिसरातली दोन-तीन ओंडक्यांची घरं तिथे काढून बघा. रेषा किती जाड, काय लिहायचं, काय सोडायचं, हे पुस्तकापेक्षा त्या कागदांवरून लवकर कळतं. मूळ कच्च्या वह्याही त्यांनी जपल्यात. तुमचीही वही जपा, स्वच्छ प्रत काढली म्हणून टाकू नका.

ओंडक्यांना भिंतीचं अक्षर आणि खालून वर आकडा द्या. उ-१, उ-२ असं. पत्र्याच्या लहान पट्ट्यांवर कोरून आतल्या बाजूला लावा. दर्शनी भागावर रंग नको. व्यापाऱ्याने नेले तरी क्रमांक सोबत जातील, आणि कुणी परत उभं करायचं ठरवलं तर घर उभं राहील. घर जागेवरून हललं की ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत जागा मिळणं फार अवघड होतं, म्हणून राज्याच्या वारसा कार्यालयाला याच आठवड्यात कळवा.

काळ ठरवण्याबद्दल. सांध्यावरून साल ठरवू नका. बापाने जसा सांधा केला तसाच मुलाने केला, पन्नास वर्षांनी. खिळे मात्र बरंच सांगतात. लोहाराने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचे पैलू दिसतात. यंत्राने पट्टीतून कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता असतो, तो १७९० च्या दशकापासून पुढे. तारेचा गोल खिळा सर्रास झाला तो १८८० च्या दशकानंतर. फळ्यांवरच्या करवतीच्या खुणाही पाहा. पाणचक्कीवर वरखाली चालणाऱ्या करवतीच्या सरळ समांतर रेघा, गोल करवतीच्या कमानी. कमानी दिसल्या तर ती फळी बहुधा एकोणिसाव्या शतकाचा दुसरा चतकोर किंवा त्यानंतरची. काढलेला प्रत्येक खिळा कुठून काढला ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. जागा न लिहिलेला खिळा नुसतं लोखंड आहे.

खरं उत्तर झाडाच्या दरवर्षी एक अशा वाढणाऱ्या वर्तुळांत आहे. ओंडका ओला असतानाच तासायचे, म्हणून झाड कधी तोडलं ते कळलं की घर कधी बांधलं ते जवळपास कळतं. त्यासाठी साल किंवा सालीखालचा शेवटचा थर शाबूत असलेले ओंडके शोधा. तासताना तो बहुतेक जागी उडतो, पण कडांवर, तळघराच्या तुळयांवर, माळ्यावर राहिलेला असतो. किमान आठ-दहा वेगवेगळ्या ओंडक्यांचे नमुने हवेत, आणि वर्तुळं पन्नासाहून जितकी जास्त तितकं बरं. एखाद्याच ओंडक्यावर विसंबू नका, तो दुसऱ्या घरातून आणलेला असू शकतो. घर उतरवलं जाणारच असेल तर गिरमिटाने लाकडाची बारीक नळी नमुना म्हणून काढण्याऐवजी टोकाची चकतीच मिळेल, हा या वाईट बातमीतला एक लाभ.

आता ते १७४०. केंटकीत हॉजनव्हिलला लिंकनच्या जन्माचं म्हणून एक केबिन संगमरवरी मंदिरात ठेवलंय. १९०९ मध्ये कोनशिला बसली, १९११ मध्ये इमारत लोकार्पण झाली. केबिन आत बसवताना लहानसुद्धा करण्यात आलं. त्याआधी ते गावोगावी प्रदर्शनांत फिरलं होतं आणि त्याचे ओंडके दुसऱ्या एका केबिनच्या ओंडक्यांत मिसळले होते. २००४ मध्ये वर्तुळं मोजली तेव्हा सगळ्यात जुना ओंडका १८४८ चा निघाला. लिंकन जन्मले १८०९ मध्ये. सुरुवातीलाच कुणी ओंडके मोजून, क्रमांक घालून ठेवले असते तर शंभर वर्षं लोक चुकीच्या लाकडापुढे टोपी काढून उभे राहिले नसते.

म्हणून वहीचे दोन रकाने करा. एकात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात कुणाकडून ऐकलेलं, सांगणाऱ्याच्या उल्लेखासह. १७४० दुसऱ्या रकान्यात जाईल. पुसू मात्र नका, गावाची आठवण हाही इतिहासच आहे. झरोक्याचंही तसंच. १७५० च्या दशकात तुमच्या काउंटीत हल्ले झाले होते हे खरं, पण प्रत्येक अरुंद भोक बंदुकीसाठी नसतं. कडा कुऱ्हाडीने कापल्यात की करवतीने, आतून तोंड पसरट आहे का, ते मोजा.

कागदपत्रांत रेडिंगच्या कोर्टातून खरेदीखतं उलट्या क्रमाने मागे न्या. बर्क्स काउंटी १७५२ मध्ये फिलाडेल्फिया, लँकेस्टर आणि चेस्टर या काउंट्यांचे तुकडे जोडून झाली, त्यामुळे त्याआधीची खतं त्या तिघींपैकी एकीत असतील. सीमा 'व्हाइट ओकपासून दगडापर्यंत इतके पर्च' अशा असतात. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. मृत व्यक्तीच्या सामानाच्या याद्या काढा, त्यांत कधीकधी खोलीवार वस्तू असतात आणि शेगडी कुठे होती तेही कळतं. आणि १७९८ चा केंद्रीय घरकर अजिबात चुकवू नका. शंभर डॉलरवरच्या घरांची लांबीरुंदी, मजले, भिंती दगडाच्या की ओंडक्यांच्या, खिडक्या किती, त्यांत काचा किती, सगळं लिहिलंय. पेन्सिल्व्हेनियाच्या याद्या मायक्रोफिल्मवर आहेत.

किकरे (कुडाळ)

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी. एवढ्या लांबच्या घराचं वाचून हात शिवशिवले.

ओंडक्याच्या तासलेल्या अंगावर टॉर्च आडवी धरून फोटो काढा, समोरून नको. उजेड घासून गेला की हत्याराचा प्रत्येक घाव उठून दिसतो. आधी कुऱ्हाडीने ठराविक अंतरावर खाचा मारायच्या, मग मधलं लाकूड रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने उडवायचं, ही रीत आमच्याकडेही होती, फक्त शेवटचा हात वाकसाचा, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीचा. खाच जरा खोल गेली तर तिची तिरकी रेघ राहते. सगळ्या ओंडक्यांवर त्या रेघांचा कल आणि अंतर मोजा. दोन वेगळे हात असतील तर समजेल. पात्याला खोक पडली असेल तर प्रत्येक घावात एकच बारीक उंचवटा येतो, त्यावरून एकाच कुऱ्हाडीने तासलेले ओंडके वेगळे काढता येतील.

फटीतल्या लिंपणाचा मूठभर तुकडा नीट राखून ठेवा, हो ताई. आम्ही मातीत गवत किंवा भाताचं तूस घालतो. त्यांनी काय घातलंय ते पाण्यात विरघळवल्यावर तळाशी आणि वर तरंगताना दिसेल. अर्धा तुकडा विरघळवा, अर्धा तसाच ठेवा.

पडवी

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आठ दिवस हेच करतेय, त्याचा वृत्तांत.

ओळंबा, तळघरात दगड आहेत! चौकोनाच्या बरोबर खाली, मातीच्या गाऱ्यात रचलेला सहा बाय साडेसहा फुटांचा चौथरा. पाच वर्षं त्या तळघरावरून गाडीने गेले असेन. वर आढ्याजवळच्या चार वाशांवर काजळी आहे, बाकीच्यांवर नाही. आखूड फळ्यांचे दोन खिळे निघाले, दोन्ही दोनच बाजूंनी निमुळते. म्हणजे भोक बुजवलं ते यंत्राचे खिळे आल्यानंतर. लांब फळ्यांतले खिळे पैलूदार डोक्याचे, चारही बाजूंनी निमुळते. पाकिटांवर जागा लिहिल्यात.

झरोक्याची आतली चौकट गोल करवतीच्या कमानींची आणि तिला तारेचे खिळे. त्यामुळे चौकट तरी उशिराची. मूळ भोक केव्हाचं ते चौकट काढल्याशिवाय सांगता येणार नाही, तसंच लिहिलंय.

किकरेदादा, टॉर्चची युक्ती लाखमोलाची. संध्याकाळी शेजारच्या मुलीला टॉर्च धरायला लावून पश्चिमेची पूर्ण भिंत घेतली. खाचांच्या रेघा एकाच दिशेला कललेल्या आहेत, फक्त वरचे दोन ओंडके सोडून. लिंपणात गवताच्या लांब काड्या आणि थोडे केस निघाले, बहुतेक जनावराचे. डोंगरपायथा, लाकूड ओकच आहे, त्या जाड रेषा स्वच्छ दिसतात.

खतं १८०३ पर्यंत मागे गेली. त्यातल्या विकणाऱ्याचं आडनाव १७९८ च्या यादीत सापडलं : ओंडक्यांचं घर, २८ बाय २२, एक मजला. मायक्रोफिल्मच्या पडद्यावर तो आकडा दिसला तेव्हा मी माझी टेपची मापं काढून दोनदा ताडून पाहिली. पण यातून घर १७९८ मध्ये उभं होतं एवढंच ठरतं, १७४० नाही. मंडळाच्या बैठकीत वहीचे दोन रकाने सगळ्यांसमोर ठेवले. पाटीचं काम थांबवलंय, वर्तुळांचं उत्तर येईपर्यंत. मालकाने चकत्या घ्यायला होकार दिलाय.

आता अडलंय ते इथे. पश्चिमेच्या भिंतीतल्या त्याच वरच्या दोन ओंडक्यांत हातभर अंतरावर रिकाम्या खाचा आहेत, तुळईचं टोक बसेल एवढ्या. आज त्यांत काहीच बसत नाही. नमुने त्यांतून घ्यायचे का?

ओळंबा

घ्या, पण वेगळे मोजा. ते ओंडके दुसऱ्या इमारतीतून आणलेले असू शकतात, किंवा छप्पर उंच करताना उलटून बसवलेले. त्यांचं साल बाकीच्यांच्या सरासरीत मिसळलं तर दोन्ही गोष्टी हातच्या जातील. आधी खालचे आठ, साल शाबूत असलेले. नंतर हे दोन, स्वतंत्र पाकिटात, प-९ आणि प-१० म्हणून. खाचांची मापं, त्यांच्यामधलं अंतर आणि तळाला घासल्याची चमक आहे का, तेही टिपा. तुळई खरंच बसलेली असेल तर तळ दाबलेला दिसेल.

चकती कापण्यापूर्वी मी येऊन एकदा बघू का? माझ्याकडून दीड तासाचा रस्ता आहे. शनिवारी सकाळी आठला पोचतो, ओळंबा, पाण्याची नळी आणि शंभर फुटी टेप घेऊन. तोवर माळा कुणाला झाडू देऊ नका. फळ्यांच्या फटींतल्या धुळीत बिया, कागदाचे कपटे, खिळे, सगळं असतं, ते मला चाळणीतून काढायचंय.